कुत्रीची गाठ कापली, पण तपासली नाही: तक्रार कधीपर्यंत करता येईल?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): आमची राणी, नऊ वर्षांची लॅब्राडॉर. जून २०२३ मध्ये तिच्या सडाजवळची गाठ एका खासगी दवाखान्यात काढली. ‘चरबीची आहे’ म्हणाले, तुकडा तपासायला पाठवला नाही. दिवाळीत त्याच जागी पुन्हा गाठ आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी बायोप्सी केली. ९ तारखेला रिपोर्ट आला: स्तनाचा कर्करोग. फुफ्फुसापर्यंत पसरला होता. एप्रिलमध्ये ती गेली. ऑगस्टमध्ये पहिल्या दवाखान्याला नोटीस दिली. तेव्हापासून ते व्हॉट्सॲपवर ‘बघूया की साहेब’ म्हणताहेत. पोलिसांत जाऊ की ग्राहक आयोगात? राणीची पाच वर्षांची मुलगी आमच्याकडेच आहे.

उत्तर: पोलिसांचा विषय सोडा. मुद्दाम इजा केल्याचं तुमच्या पत्रात काहीच नाही, आणि त्या खेपा घालायला तुमच्याकडे आता वेळही नाही. फी देऊन उपचार घेतलेत, म्हणजे तुम्ही ग्राहक आहात. राहता कोल्हापुरात, तेव्हा तक्रार इथल्या जिल्हा आयोगातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

तुमचं सगळं अडलं आहे ते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ वर. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. प्रश्न एवढाच की तुमची दोन वर्षं कोणत्या तारखेपासून मोजायची. ऑपरेशनपासून मोजली तर मुदत जून २०२५ मध्येच संपली. दिवाळीत गाठ पुन्हा दिसली तेव्हापासून मोजली तर नोव्हेंबर २०२५ मध्ये. रिपोर्टच्या तारखेपासून मोजली तर ९ फेब्रुवारी २०२६ पर्यंत आहे. हे उत्तर मी जानेवारी २०२६ मध्ये लिहितो आहे. ९ तारखेला सोमवार येतो आणि त्याआधी शनिवार-रविवार, म्हणून शुक्रवार ६ तारीख हीच तुमची शेवटची तारीख समजा.

रिपोर्टची तारीख धरायला आधार आहे. डॉक्टरांची चूक उघड दिसणारी नसेल, तर ती कळली त्या दिवसापासून मुदत मोजता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केलं. पण त्याच निकालात रुग्ण हरली. १९९३ च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला कापडाचा बोळा २००२ मध्ये सापडला, तक्रार २००४ मध्ये झाली. न्यायालयाचं म्हणणं असं, की एवढी वर्षं दुखत होतं तर आधीच डॉक्टरांकडे का गेला नाहीत? तुमच्या बाबतीत समोरचा वकील नेमकं हेच दिवाळीबद्दल विचारणार. गाठ नोव्हेंबरमध्ये दिसली, मग फेब्रुवारीपर्यंत काय करत होतात? याचं खरं उत्तर आजच लिहून काढा. पहिल्याच डॉक्टरांना फोन केला होता का, त्यांनी ‘टाक्यांमुळे असेल, थांबा’ असं काही सांगितलं का, तो मेसेज आहे का? असेल तर तुमच्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद तोच. नसेल तर बनवू नका.

तक्रारीसोबत कलम ६९(२) खाली विलंब माफीचा अर्जही जोडा. आयोगाने आधीची तारीख धरलीच तर हाताशी असावा. माफी मिळेलच असं सांगता येणार नाही. उशिराचं पटण्याजोगं कारण द्यावं लागतं, आणि ‘बघूया की’ हे कारण नाही. नोटीस दिली, उत्तरं येत राहिली, म्हणून मुदत थांबत नाही. नोटीस दिली म्हणजे केस सुरू झाली, असं समजून बसलेल्या लोकांची पत्रं मला सारखी येतात. दीड वर्ष तुम्ही एका माणसाच्या गोड बोलण्यावर घालवलंत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नोटिशीनंतर महिनाभर वाट बघून तक्रार टाकली असतीत, तर यातली कोणतीही तारीख धरली तरी भीती उरली नसती.

निष्काळजीपणा सिद्ध होईल का? होऊ शकतो. निदान चुकलं एवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाही. मात्र वयस्क, नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या सडाची गाठ काढायची आणि तुकडा कचऱ्यात टाकायचा, आधी छातीचा एक्स-रेही काढायचा नाही, हे कुठला जबाबदार पशुवैद्य करेल, हा प्रश्न आयोगापुढे ठेवता येतो. दुसऱ्या नोंदणीकृत पशुवैद्याचं लेखी मत घ्या. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कोणी देईल का, विचारून पाहा. आणि एक गोष्ट मला लपवून न ठेवता सांगा: तपासणीचा खर्च ऐकून तुम्हीच ‘नको’ म्हणाला होतात का? संमतीपत्रावर तसं लिहून तुमची सही असेल तर प्रकरण बरंच कमकुवत होतं. त्या संमतीपत्राची आणि केसपेपरची प्रत रजिस्टर पोस्टाने मागा, पोचपावती जपा.

भरपाईत उपचारांचा खर्च, दुसऱ्या दवाखान्याची बिलं आणि मानसिक त्रास मागता येईल. आकडा किती मान्य होईल ते आयोगावर. कायदा म्हणतो, तपासणीची गरज नसेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि साधी प्रकरणंही वर्षानुवर्षं रेंगाळतात. ज्यांनी हा कायदा लोकांसाठी केला त्यांनी रिक्त पदं वेळेत भरली असती, तर मला हे लिहावं लागलं नसतं.

आता राणीच्या मुलीबद्दल. तिचं नसबंदीचं (अंडाशय आणि गर्भाशय काढण्याचं) ऑपरेशन झालं आहे का, ते तुमच्या पत्रात नाही; झालेलं नाही असं धरून सांगतो. पहिल्या माजाआधी ते केलं तर स्तनाच्या गाठींचा धोका खूपच कमी होतो. नंतर हा फायदा घटतो, तरी डॉक्टरांशी बोला. महिन्यातून एकदा तिला उताणी झोपवून काखेपासून मांडीपर्यंत प्रत्येक सड बोटांनी चाचपा. मागच्या दोन जोड्यांत गाठी जास्त येतात. हरभऱ्याएवढी लागली तरी थांबू नका. कुत्रींमध्ये अशा गाठींपैकी साधारण निम्म्या घातक निघतात, आणि तीन सेंटिमीटरच्या आत काढलेल्या गाठीत वाचण्याची शक्यता चांगली असते. चरबीची की कर्करोगाची, हे हाताला कळत नाही. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावणात) घालून प्रयोगशाळेत पाठवायला डॉक्टरांना आधीच लेखी सांगा, आणि रिपोर्टची मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. तिला याच आठवड्यात दाखवून आणा.