लंडन ते न्यूयॉर्क विमानप्रवासात जाताना आणि येताना वेगळा वेळ का लागतो?

तुमचा प्रश्न असा आहे की लंडन आणि न्यूयॉर्क यांतील अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच असताना जाताना सुमारे आठ तास आणि परतताना सातच तास का लागतात. लंडनचा हीथ्रो विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे, मात्र ते सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरलात, तर न्यूयॉर्क बरेच दक्षिणेला असूनही तो लंडनहून आधी थोडा उत्तरेकडे चढतो, आयर्लंड ओलांडतो आणि कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून खाली उतरतो, असे दिसेल.

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. ‘पृथ्वी फिरते म्हणून’ हे उत्तर बरेच जण देतात. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने ते चुकीचे आहे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, हे खरे कारण असून हिवाळ्यात त्याचा जोर अधिक असतो. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा ताशी १५० किलोमीटर धरला, तर लंडनकडे येताना जमिनीच्या सापेक्ष वेग १,०५० होतो आणि अंतर ५ तास १७ मिनिटांत कापले जाते. उलट दिशेने वेग ७५० वर येतो आणि ७ तास २३ मिनिटे लागतात. गंमत म्हणजे ही फिटंफाट होत नाही. वारा नसता तर जाऊन येण्यास १२ तास १९ मिनिटे लागली असती, म्हणजे वाऱ्यामुळे एकूण सुमारे वीस मिनिटांचा तोटाच होतो, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ अडकते. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले होते. मी स्वतः परतीच्या प्रवासात समोरच्या पडद्यावर ताशी १,१०० हून अधिक वेग पाहिला आहे, आणि तेवढ्या वेगातही कपातले पाणी हलत नव्हते.

म्हणूनच उत्तर अटलांटिकवरील हवाई मार्ग दिवसातून दोनदा वाऱ्याचा अंदाज पाहून नव्याने आखले जातात. पश्चिमेकडे जाणारी विमाने थोडा वळसा पत्करूनही विरुद्ध वारा टाळतात.

तिकिटावरील वेळेत धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर फाटकापर्यंत येणे हेही धरलेले असते, त्यामुळे ती वरील हिशेबापेक्षा जास्त दिसते. शिवाय तिकिटावर स्थानिक वेळा छापतात. लंडनहून सकाळी ११ वाजता निघून दुपारी २ वाजता न्यूयॉर्कला उतरलात, तर प्रवास तीन तासांचा नसून आठ तासांचा असतो, कारण घड्याळांत पाच तासांचे अंतर आहे. मार्चमध्ये मात्र अमेरिकेतील घड्याळे ब्रिटनच्या आधी पुढे सरकत असल्याने दोन-तीन आठवडे हे अंतर चारच तासांचे असते. त्या दिवसांत प्रवास असेल तर हिशेब तसा करावा.