सहा वर्षांच्या मुलाला वेगवेगळ्या धर्मांतल्या मैत्रीची कोणती गोष्ट सांगावी? (नागपुरात राहतो)

आधी रवींद्रनाथांची ‘काबुलीवाला’ सांगा. १८९२ सालची आहे, पण बडबडी मिनी आणि सुका मेवा विकणारा अफगाण रहमत मुलांना लगेच आपले वाटतात. तुरुंगाचा भाग थोडक्यात आटपा. शेवटी मात्र थांबा: रहमत छातीशी जपलेला चुरगळलेला कागद उलगडतो आणि त्यावर त्याच्या लेकीच्या चिमुकल्या हाताचा काळा ठसा असतो. माझ्या भाचीने तिथे काही न बोलता स्वतःचा तळवा उघडून पाहिला होता.

‘हा हिंदू, तो मुसलमान’ अशी ओळख करून देऊ नका. नावं, खाऊ, सण यांतून मुलांना कळतंच.

मग आपल्या गावाची खरी गोष्ट. सूफी संत ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून रघुजीराजे भोसल्यांनी शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात ठेवून घेतलं. ही ताजबागला, बाबांच्या दर्ग्यावर नेऊनच सांगा.

आणि एखादी स्वतः रचा. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीचं चाक निखळलंय, रांग पुढे सरकतेय, अन् शेजारचा इरफान खिशातून खिळा काढतो. पुढचं तुमचं पोरगंच सांगेल.