जंगलातलं ते पान परत वाच

अगं, तुझा ज्यू कथा-कादंबऱ्यांवरचा चॅप्टर काल रात्री जागून वाचला. मेहनत दिसते, पण एक गोष्ट फार लागली म्हणून सकाळीच लिहायला बसलेय. तू सरळ दोन रकाने पाडलेस, इकडे धर्माला चिकटलेले म्हातारे, तिकडे सुटू बघणारी पोरं, आणि यिडिश लेखक शोलेम अलेखेमच्या तेव्येला, त्या दूधवाल्या बापाला, पहिल्या रकान्यात टाकून मोकळी झालीस.

असं नको ना करूस. 'खावा'ची गोष्ट परत वाच, घाई न करता. तेव्येची मुलगी खावा ख्रिश्चन मुलाशी लग्न करते आणि घरचे ती मेली असं समजून शिवा पाळतात, म्हणजे आपल्या सुतकासारखंच, सात दिवसांचं. इथवर तुझं बरोबर आहे. पण नंतर तेव्ये एकटाच जंगलातून गाडी हाकत येतोय आणि अचानक झाडांमधून खावा समोर येते, घोड्याला धरते, बाबा ऐका तरी म्हणते, आणि हा ऐकत नाही, घोडा दामटतो, पण पुढे गेल्यावर डोक्यात एकच चालू, ज्यू म्हणजे काय नि ज्यू नसलेला म्हणजे काय, देवाने हे दोन केलेच कशाला? घरात जो वाद पोरगी घालत होती तोच आता बाप स्वतःशी घालतोय गं! आणि तुझ्या चॅप्टरमध्ये या जंगलावर एक ओळ नाही.

तसंच अमेरिकन लेखक पोटॉकच्या 'द चोझन'चं, १९६७ ची कादंबरी. ब्रुकलिनमधले रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, रेब सॉन्डर्स तालमूदचा, त्यांच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा, अभ्यास सोडला तर पोराशी, डॅनीशी, वर्षानुवर्षं बोलतच नाहीत. पहिल्यांदा वाचताना मला इतका संताप आला की पुस्तक मिटून ठेवलं होतं. शेवटी कळतं की पोराचं डोकं तल्लख पण मन कोरडं राहील या भीतीने त्यांनी तो अबोला धरला, त्याला दुसऱ्याचं दुःख कळावं म्हणून. मला ते आजही पटत नाही, लेकराला असं वाढवू नये. पण लेखक त्यांना त्यांची बाजू मांडू देतो, आणि डॅनी रब्बाय न होता सायकॉलॉजी शिकायला निघतो तेव्हा तेच बाप त्याला जाऊ देतात. तू त्यांना नुसतं 'क्रूर' म्हणून पुढे गेलीस.

आणि येझिएर्स्काची 'ब्रेड गिव्हर्स' ही कादंबरी यादीत घे, १९२५ ची आहे. तिथली सेरा बापाशी भांडून घर सोडते, टीचर होते, आणि शेवटी त्याच बापाला आपल्या घरी आणायचं ठरतं तेव्हा तिच्या छातीवर दडपण येतं. तो शेवट तुझ्या कुठल्या रकान्यात बसतो ते मला सांग.

रविवारपर्यंत फक्त जंगलाचं एक पान लिहून पाठव, बाकी नंतर बघू.