परिषदेला जाताना पावसाची वही सोबत घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता, 4 वर्षं घरच्या पर्जन्यमापकावर रोज पाऊस मोजता आणि आता प्रादेशिक हवामान परिषदेला जावं की नाही या विचारात आहात. तिथे अंदाज देणारे तज्ज्ञ, संशोधक, शिक्षक आणि आपल्यासारखे हौशी असे सगळेच असतात. आपल्याला त्यातलं कळेल का आणि आपण तिथे करायचं तरी काय, ही तुमची शंका.

जाच. आणि ती 4 वर्षांची वही घेऊन जा.

वहीवर माझा एवढा भर का, ते आधी सांगतो. अंदाज देणारे पाऊस रडारवर बघतात, पण रडारचा किरण जमिनीला चिकटून जात नाही. सगळ्यात खालचा कोन अर्ध्या अंशाचा धरला तरी 100 किलोमीटरवर किरणाचा मध्य साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो, 200 किलोमीटरवर तर चार किलोमीटरच्या आसपास. शिवाय तो पसरत जातो: एक अंशाचा किरण 100 किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर रुंद झालेला असतो. म्हणजे रडारच्या नकाशावर जोराच्या पावसाचा जो लाल डाग दिसतो, तो वरच्या ढगातला. खाली येईपर्यंत त्यातलं किती पाणी हवेतच सुकलं, गारा वितळल्या की तशाच अंगणात आदळल्या, हे रडारला कळत नाही. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला कळतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहराचं. जुलै 1997 मध्ये तिथे शहराच्या एका भागात काही तासांत 300 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, पूर आला, माणसं दगावली. त्याच शहराच्या दुसऱ्या भागात पाऊस बेताचाच होता. नेमका कुठे किती पडला हे जुळवायला घराघरांतल्या नोंदी लागल्या. त्यातूनच 1998 मध्ये ‘कोकोराझ’ नावाचं स्वयंसेवक पर्जन्यमापकांचं जाळं उभं राहिलं. आज त्याचे आकडे व्यावसायिक अंदाजकार रोज वापरतात. तेव्हा परिषदेत तुम्ही नुसते श्रोते म्हणून जात नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या.

मी पहिल्या परिषदेला मागच्या रांगेत बसलो आणि कुणाशी न बोलता परत आलो. दुसऱ्या वेळी एका गारपिटीची नोंद नेली: गारा कधी सुरू झाल्या, कधी थांबल्या, मोठ्यात मोठी केवढी, पट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो. चहाच्या सुट्टीत एका अंदाजकारबाईंना दाखवली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घड्याळ कशाशी जुळवलं होतं?" जुळवलं नव्हतं. कॅमेऱ्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. वेगाने सरकणारं वादळ सात मिनिटांत सहज पाच-सहा किलोमीटर पुढे जातं, त्यामुळे माझी नोंद रडारच्या चित्राशी जुळेना. तरी त्यांनी अर्धा तास बसून ती दुरुस्त करायला मदत केली. त्या अर्ध्या तासात मी जे शिकलो ते दिवसभराच्या सत्रांत मिळालं नव्हतं.

म्हणून माझं मत असं की मुख्य सभागृहापेक्षा जिथे लोक आपल्या अभ्यासाची पोस्टर लावतात तिथे जास्त वेळ घालवा. तिथे माणूस आपल्या कामाशेजारी उभा असतो आणि विचारलेलं त्याला आवडतं. भाषणांत समीकरणं आली तर ती सोडून द्या, नकाशे आणि आलेख बघा.

अंदाजावरच्या सत्रात मात्र एक प्रश्न जरूर विचारा: "हा अंदाज बरोबर आला की नाही हे तुम्ही कसं मोजता?" हा प्रश्न जुना आहे आणि फार मोलाचा आहे. 1884 मध्ये अमेरिकन सैन्यातल्या फिन्ली यांनी टोर्नेडो येणार की नाही याचे 2803 अंदाज दिले आणि ते 96.6 टक्के बरोबर आल्याचं दिसलं. मग कुणीतरी दाखवून दिलं की रोज डोळे मिटून ‘टोर्नेडो येणार नाही’ म्हटलं असतं तर 98.2 टक्के बरोबर आलं असतं! कारण टोर्नेडो मुळात 51 वेळाच झाले होते, आणि त्यातले 28 फिन्लींनी आधी सांगितले होते. त्या 28 ची किंमत टक्केवारीत दिसतच नाही. आठवी-नववीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडून बघा, मुलं तासभर वाद घालतात.

हौशी माणसाला तिथे मान मिळेल का, असंही तुम्ही विचारलंय. क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही ढगांची नावं ज्यांनी दिली ते ल्यूक हॉवर्ड औषधं-रसायनं बनवण्याच्या धंद्यातले होते. 1802 मध्ये लंडनमधल्या एका छोट्या अभ्यासमंडळात त्यांनी ती वाचून दाखवली. ढग बघणं हा त्यांचा छंद होता.

आता वहीबद्दल. सगळी पानं कुणी चाळणार नाही. तुम्हाला छळणारी एकच गोष्ट निवडा, उदाहरणार्थ शेजारच्या केंद्रापेक्षा तुमच्याकडे सतत कमी पाऊस का, आणि ती एका कागदावर मांडा. पर्जन्यमापक कुठे आहे त्याचा फोटो लावा. भिंत किंवा झाड मापकाच्या तोंडापेक्षा जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ते असायला हवं. गच्चीवर ठेवला असेल तर वाऱ्याने थेंब बाजूला जातात आणि आकडा कमी येतो. मोजायची वेळ रोज तीच होती का, तेही लिहा.

आणि एक काम जायच्या आधीच उरका. पाऊस पडला नाही त्या दिवशी तुम्ही शून्य लिहिलंय की रकाना कोरा सोडलाय, ते पानापानावर तपासा. कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘पाऊस नाही’ असाही होतो आणि ‘मी गावाला गेलो होतो’ असाही. आठवतंय तोवर दोन्हींना वेगळी खूण करून ठेवा.