हसताना गुडघे लटपटतात, शुद्ध मात्र जात नाही

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घरातच टॉवेलचे चार माग आहेत. माझी १९ वर्षांची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री नऊ तास झोपूनही तिला तासाला बसल्या बसल्या, कधी जेवताजेवताही झोप आवरत नाही. मोठ्याने हसली की गुडघे लटपटतात आणि मान खाली पडते, पण आजूबाजूचे बोलणे तिला ऐकू येत असते. पहाटे जाग आली तरी हातपाय हलत नाहीत आणि खोलीत कोणीतरी उभे दिसते, म्हणून नातेवाइकांनी अंगारे-धुपारे केले. एका डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. मीही तिला आळशी म्हणून पुष्कळ बोललो आहे. काय करावे?
— एक वडील, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हसण्याविषयीचे आहे. दिवसा झोप येण्याची कारणे अनेक असतात. अपुरी झोप, थायरॉइडचा विकार, घोरताना श्वास अडखळणे, काही औषधे. परंतु हसू, आनंद किंवा राग अनावर होताच शुद्ध न हरपता स्नायूंतील बळ काही क्षण जाणे, याला कॅटाप्लेक्सी म्हणतात आणि ते लक्षण ‘नार्कोलेप्सी’ या आजाराकडे फार स्पष्टपणे निर्देश करते. अनेकदा ही फिट समजली जाते. ‘ऐकू येत असते’ हे आपण आवर्जून लिहिलेत, ते डॉक्टरांनाही याच शब्दांत सांगा आणि जमल्यास अशा प्रसंगाचे मोबाइलवर चित्रण दाखवा. फिटच्या गोळ्या सुरू असतील, तर त्या मात्र परस्पर बंद करू नका.

मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील काही पेशी ओरेक्सिन नावाचे द्रव्य तयार करतात, ज्याचा शोध १९९८ मध्ये लागला आणि ज्याच्यामुळे जागेपण टिकून राहते. कॅटाप्लेक्सीसह होणाऱ्या नार्कोलेप्सीत या पेशी बहुतांशी नष्ट झालेल्या असतात. स्वप्नांची झोप एरवी डोळा लागल्यापासून साधारण ९० मिनिटांनी सुरू होते; या आजारात ती काही मिनिटांतच, अवेळी शिरते. स्वप्न पडत असताना आपण हातपाय झाडू नयेत म्हणून शरीर जे स्नायू सैल करून ठेवते, तेच सैलपण आपल्या मुलीला हसताना गाठते आणि पहाटे जाग आल्यावरही काही वेळ सुटत नाही. तिला दिसणारी आकृती म्हणजे उघड्या डोळ्यांपुढे रेंगाळलेले स्वप्न आहे. अंगाऱ्याने तिची भीती वाढेल, एवढेच. हे तिला आजच सांगा.

पहिल्यांदा सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीत किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यानंतर रात्रभराची झोपेची तपासणी आणि लगेच दुसऱ्या दिवशी एमएसएलटी ही चाचणी करावी लागते, जिच्यात दोन-दोन तासांच्या अंतराने चार-पाच वेळा झोपायला सांगून झोप किती मिनिटांत लागते हे मोजतात. ही सरासरी ८ मिनिटे किंवा त्याहून कमी असणे आणि किमान दोन वेळा स्वप्नांची झोप लवकर येणे, हा निकष आहे. नाव नोंदवण्यापूर्वी त्या केंद्रात एमएसएलटी होते का, हे विचारा, कारण घोरण्यासाठी घरी करतात त्या तपासणीने येथे भागत नाही. आधीचे दोन आठवडे तिच्या झोपेच्या वेळा लिहून ठेवा. माग रात्री चालत असतील, तर तिच्या झोपेची जागा खटखटीपासून दूर करा. अपुऱ्या झोपेनेही चाचणीचा निष्कर्ष चुकू शकतो.

हा आजार मुळासकट जात नाही. तरीही मोडाफिनिलसारख्या औषधाने जागेपण सुधारते, कॅटाप्लेक्सीसाठी वेगळी औषधे आहेत आणि दुपारी ठरलेल्या वेळी घेतलेली १५-२० मिनिटांची डुलकी बऱ्याच जणांना ताजेतवाने करते. महाविद्यालयात मधल्या सुट्टीत तशी सोय व्हावी म्हणून प्राचार्यांना स्वतः भेटा. निदान होऊन उपचार लागू पडेपर्यंत तिने दुचाकी चालवू नये, चालू मागाजवळ काम करू नये आणि सिद्धेश्वर तलावासारख्या पाण्याच्या काठी एकटीने बसू नये.

आपण तिला बोललात याची खंत पत्रात दिसते. ती तिच्यासमोर बोलून दाखवा. डॉक्टरांकडे जाताना ती आपल्यावर विश्वास ठेवून सगळे सांगू शकेल.