ऑडिटच्या आधी न झालेल्या ट्रेनिंगच्या शीटवर सह्या घ्यायला सांगितलंय, काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एमबीए करून नाशिकच्या अंबडमधल्या एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत एचआरला लागलात. कस्टमरचं ऑडिट पंधरा दिवसांवर आलंय. कॅलेंडरमध्ये आहे पण झालंच नाही अशा ट्रेनिंगच्या अटेंडन्स शीट साहेबांनी पुढ्यात ठेवल्यात आणि 'मागच्या तारखा टाकून सह्या घेऊन ये' म्हणून सांगितलंय. सिनियर म्हणतात, सगळीकडे असंच चालतं. नाही म्हटलं तर नोकरीचं काय, आणि सह्या घेतल्याने नक्की कुणाचं वाकडं होतं, असं तुम्ही विचारलंय.

मी सातपूर-अंबड पट्ट्यात बरीच वर्षं ट्रेनिंगचंच काम करतोय, आधी नोकरीत आणि आता बाहेरून. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वाकडं त्याचं होतं, ज्याची सही तुम्ही घेता.

शीटच्या तळाशी असलेली बारीक ओळ वाचून बघा. 'वरील विषयाची माहिती मला देण्यात आली असून ती मला समजली आहे' अशा अर्थाचं काहीतरी तिथे छापलेलं असतं. ऑडिटच्या गडबडीत त्या ओळीकडे कुणी बघत नाही. पण अपघात झाला की चौकशीच्या फाइलमधला पहिला कागद हाच असतो.

एका कंपनीत मी रुजू झालो तेव्हा प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणाऱ्या मशीनच्या विभागातल्या, एका अप्रेंटिसच्या (शिकाऊ कामगाराच्या) अपघाताची चौकशी चालू होती. सुरगाण्याकडचा पोरगा, आयटीआय झालेला. डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकलेला पीस काढायला त्याने हात घातला आणि तेवढ्यात प्रेसचा वरचा भाग खाली आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या प्रेसला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं होती, पण नग जास्त निघावेत म्हणून त्यातलं एक कुणीतरी पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. पोराला तिथे उभं केलं तेव्हापासून ते तसंच होतं. प्रेस अशीच चालवतात, असंच तो समजून होता.

चौकशीत त्याच्यासमोर शीट ठेवली गेली. विषय 'पॉवर प्रेस सुरक्षा', वेळ दुपारी तीन ते पाच. 'सही तुझीच ना?' तो म्हणाला, 'हो साहेब.' सही त्याचीच होती. कामावर आला त्या दिवशी बँकेचा फॉर्म, युनिफॉर्मची पावती, आधारची झेरॉक्स अशा गठ्ठ्यात एका कोऱ्या शीटवरही त्याने ती केली होती. तारीख नंतर पडली. टाइम ऑफिसमधल्या एका जुन्या माणसाने त्या तारखेचं पंचिंग काढून आणलं म्हणून पोरगा सुटला. त्या आठवड्यात तो नाइटला होता, दुपारी तीनला उत्तमनगरच्या खोलीवर झोपलेला होता. ते पंचिंग निघालं नसतं तर 'शिकवूनही ऐकलं नाही' हा शेरा त्याच्या नावावर कायमचा बसला असता.

आणि त्या शेऱ्याला पैशात किंमत आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला मुलगा ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, येत नाही. त्याला इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, आणि ती १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या धर्तीवर ठरवायची, असं तो कायदा सांगतो. त्या १९२३ च्या कायद्यात मालकासाठी एक अपवाद होता. सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेली सूचना जखमी माणसाने जाणूनबुजून मोडली असेल, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं असेल, तर भरपाईची जबाबदारी मालकावर राहत नाही. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हा अपवाद चालत नाही. पण दोन बोटं जाणं हे कायद्याच्या हिशोबात अंशतः अपंगत्व. म्हणजे प्रेसवर जसे अपघात नेहमी होतात, नेमके तेच या अपवादाच्या तोंडी येतात. 'स्पष्ट सूचना दिली होती' हे दाखवायला मग तुमची शीट पुढे केली जाते. हा अपवाद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे, त्यामुळे जुना कायदा गेला म्हणून हायसं वाटून घेऊ नका.

अप्रेंटिसचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगतो. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यायलाच हवेत आणि त्यांच्या स्टायपेंडचा काही वाटा सरकार उचलतं. हेतू चांगला आहे. पण पुष्कळ ठिकाणी ही मुलं पहिल्या दिवसापासून सरळ लाइनवर लागतात. अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या परवानगीशिवाय त्यांना ओव्हरटाइम लावता येत नाही, हे सुपरवायझरला माहीतही नसतं. त्र्यंबक रोडच्या सरकारी आयटीआयमधून निघालेला मुलगा शिकायला म्हणून आपल्याकडे येतो. त्याला शिकवणं हे एचआरचं मूळ काम आहे. बाकीचं सगळं त्यानंतर.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. सुरक्षेसाठी लागणारी माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणं ही मालकाची जबाबदारी असल्याचं तेव्हा कलम ७अ मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतही ती आहे. खोट्या शीटने होतं काय, तर ज्याने शिकवायचं होतं त्याची जबाबदारी एका सहीत शिकणाऱ्याच्या अंगावर जाते. हे बेकायदेशीर आहेच, पण मला त्याहून जास्त टोचतं ते हे की ज्याच्यावर ती ढकलली जाते त्याला त्यातलं काही कळतही नाही. तो आपल्यावर विश्वास ठेवून सही करतो.

तुमच्या एमबीएच्या पुस्तकात उदय पारीक आणि टी. व्ही. राव ही नावं येऊन गेली असतील. १९७४-७५ मध्ये लार्सन अँड टुब्रोने कामाच्या मूल्यमापनाची पद्धत तपासायला या दोघांना बोलावलं आणि त्यातून आपल्याकडे एचआरडीचा, म्हणजे माणसं घडवण्याचा, स्वतंत्र विभाग उभा राहिला. पारीक यांनी चांगल्या संस्थेची जी लक्षणं सांगितली त्यात मोकळेपणा, प्रश्नाला सामोरं जाणं, विश्वास आणि अस्सलपणा हे सगळं आहे. परीक्षेत आपण ते पाठ करून लिहितो. तुमच्या टेबलावर आज ज्या शीट पडल्यात, त्यांच्यासाठीच ते लिहिलेलं आहे.

आता 'सगळीकडे असंच चालतं' याबद्दल. पुष्कळ ठिकाणी चालतं, हे खरं आहे. पण त्याने ऑडिट पास होतं हा समज कच्चा आहे. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटीच्या मानकात माणसाची क्षमता आणि ट्रेनिंगचा परिणाम तपासल्याचा पुरावा मागतात, नुसत्या हजेरीवर भागत नाही. जाणकार ऑडिटर स्किल मॅट्रिक्सवर, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं याच्या तक्त्यावर, बोट ठेवतो, ज्याचा गोल पूर्ण भरलाय (म्हणजे काम पूर्ण येतं) त्या ऑपरेटरचं नाव टिपतो आणि थेट त्याच्या मशीनवर जातो. 'पीस रिजेक्ट निघाला तर कुठे ठेवतोस? गेज (मापाचं साधन) शेवटचं कधी तपासलं?' ऑपरेटर सुपरवायझरच्या तोंडाकडे बघायला लागला की ऑडिटरला समजायचं ते समजतं. ओळीने बारा सह्या, एकाच पेनाने आणि एकाच दाबाने केलेल्या, हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. एक शीट खोटी निघाली की तो बाकीच्या रेकॉर्डवरही विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा कॅलेंडर मागे पडलंय, ही कारणं आणि या नव्या तारखा, असं उघड दाखवलेलं नेहमी बरं.

मी तुमच्या जागी असतो तर आजच त्या शीटांचे तीन गठ्ठे केले असते. पहिल्यात मशीन, वीज, केमिकल, क्रेन, म्हणजे जिथे माणसाचा हात किंवा जीव जाऊ शकतो ते विषय. दुसऱ्यात क्वालिटीचे. तिसऱ्यात फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), वेळेचं नियोजन, टीमवर्क वगैरे. तिसरा गठ्ठा बिनदिक्कत पुढे ढकला आणि कॅलेंडरमध्ये तसं लिहा. दुसऱ्याचं क्वालिटीच्या माणसांबरोबर बसून ठरवा. पहिला मात्र या पंधरा दिवसांत प्रत्यक्ष घ्यायचा.

घेता येतो. ट्रेनिंग हॉल, प्रोजेक्टर, चहा-बिस्किटं काही लागत नाही. शिफ्ट सुरू होताना पाच-सहा जण घ्या, मशीनजवळच उभे राहा, वीस मिनिटं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या माणसांना झटपट तयार करायला एक चार पायऱ्यांची पद्धत बसवली होती, पुढे टोयोटानेही ती उचलली. शिकणाऱ्याला आधी मोकळं करा, मग काम करून दाखवा, मग त्याला करायला लावा, आणि नंतर परत येऊन बघा. आपल्याकडे दुसऱ्या पायरीवरच सही घेतात.

'समजलं का?' असं विचारू नका, समोरचा हो म्हणणारच. 'पीस अडकलाय, आता तू काढून दाखव' म्हणा आणि गप्प उभे राहा. बहुतेक पोरं मोटर बंद केल्याबरोबर हात पुढे नेतात. प्रेसचं जड चाक, फ्लायव्हील, अजून फिरत असतं. त्यांना तिथेच थांबवा आणि आवाज पूर्ण बंद होईपर्यंत नुसतं ऐकायला लावा. मग प्रेस खाली येऊ नये म्हणून डायमध्ये सेफ्टी ब्लॉक, मग चिमट्याने किंवा मॅग्नेटने पीस बाहेर. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेला माणूस ते विसरत नाही. पेठ-सुरगाण्याची मुलं असतील तर त्यांच्यातल्याच एखाद्याला बाकीच्यांना सांगायला लावा, बिहार-यूपीच्या मुलांशी हिंदीत बोला. कंत्राटी माणसं ठेकेदाराची म्हणून वगळू नका. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांवर अहवाल काढते आहे. त्यात प्रेसवरचे अपघात आणि कंत्राटी कामगार हे दोन्ही पुन्हा पुन्हा येतात.

बटण पट्टीने बांधलेलं दिसलं तर ट्रेनिंग थांबवून आधी मेंटेनन्सला बोलवा. त्या प्रेसवर काहीही शिकवण्यात अर्थ नाही.

सही यानंतर घ्या, त्याच दिवसाच्या तारखेने. ट्रेनरच्या रकान्यात ज्याने खरोखर शिकवलं त्याचं नाव येऊ द्या, मग तो जुना ऑपरेटर असला तरी.

साहेबांशी बोलताना 'हे अनैतिक आहे' इथून सुरुवात करू नका. त्यांच्यावरही प्लांट हेडचा दट्ट्या आहे. तीन गठ्ठ्यांची यादी आणि शिफ्टवार वेळापत्रक हातात घेऊन जा आणि म्हणा, 'सर, सेफ्टीचे विषय मी या तारखांना लाइनवरच घेतो, बाकीच्यांच्या नव्या तारखा अशा. प्रॉडक्शनचा वेळ शिफ्टमागे वीस मिनिटं जाईल.' मग तेच मेलवर टाका, साध्या भाषेत, कुणावर ठपका न ठेवता. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त साहेब इथे सुटकेचा श्वास सोडतात. त्यांनाही खोटं करायचं नसतं, करायला माणूस आणि वेळ मिळालेला नसतो.

तरीही हट्टच धरला, तर पहिल्या गठ्ठ्यातल्या एकाही शीटवर सही घेऊ नका आणि ट्रेनर म्हणून स्वतःची करू नका. नोकरी टिकेलच, असा शब्द मी देऊ शकत नाही. काही ठिकाणी माणसाला हळूहळू बाजूला काढतात, हे मी पाहिलंय. पण नाशिकचं औद्योगिक जग लहान आहे. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांत सातपूर, अंबड, सिन्नर, गोंद्याची एचआरची माणसं एकमेकांना भेटतात, आणि कोण कसं काम करतो हे फिरतं. लाइनवर उभं राहून शिकवणाऱ्या माणसाला इथे मागणी आहे. बायोडेटा आत्ताच अद्ययावत करा, ओळखीच्या दोघा-तिघांच्या कानावर घाला, आणि तीन-चार महिने घर चालेल एवढे पैसे बाजूला टाकायला या पगारापासूनच सुरुवात करा.