बंगळुरूचे १८ की कोथरूडचे १४?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा. कोथरूडला आईबाबांकडे राहतो, नोकरी हिंजवडीत, वर्षाला १४ लाख, सगळे फिक्स्ड. बंगळुरूहून १८ लाखांची ऑफर आलीय. बाबा म्हणतात, चार लाख वाढतायत, विचार कसला करतोस? जाऊ का?

उत्तर : ताई म्हणालास, म्हणून एकेरीवरच येते. ऑफर लेटरचं जे शेवटचं पान मला पाठवलंस, ते बाबांना दाखवलंस का? १ लाख जॉइनिंग बोनस, तोही एकदाच. २ लाख व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून, मिळाले तर मिळाले. खात्रीची वाढ उरली १ लाखाची. आणि तू बघून ठेवलेल्या वन बीएचकेचं भाडं २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. नवीन करपद्धतीत घरभाड्याची सूट नाही. व्हेरिएबल पूर्ण हातात पडलं तरी कर जाऊन उरलेली वाढ भाड्यालाच पुरत नाही. वाकडला भाड्याने राहत असतास, तर माझं उत्तर वेगळं असतं.

डिपॉझिटचं विचारलंस का? २०१६ साली मी मारतहळ्ळीला १८ हजारांचं घर बघितलं, तर मालकांनी दहा महिन्यांचं भाडं मागितलं. १ लाख ८० हजार! पुण्यात दोन-तीन महिन्यांची सवय, मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ब्रोकर नुसता हसला. घर सोडताना 'पेंटिंग'चे म्हणून त्यातले १८ हजार कापले. भिंतीला मी खिळासुद्धा ठोकला नव्हता. कालनिर्णय दाराच्या कडीला अडकवलं होतं.

बाईक नेणार असशील, तर वर्षाच्या वर तिथं ठेवायला कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो. आधी इथल्या आरटीओची एनओसी, मग तिथला रोड टॅक्स. जुनी असेल तर इथेच विकून जा.

पण पत्राच्या तळाशी तू बारीक अक्षरात लिहिलंयस, 'इथे तीन वर्षं नुसती सपोर्टची तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी, बंद करतोय, तिथे प्रॉडक्टवर काम आहे.' हे वरती लिहायचं होतंस की! या कारणासाठी जायचं असेल तर जरूर जा. फक्त व्हेरिएबल फिक्स्डमध्ये घालून द्या, असं एचआरला आधी सांग, आणि एकट्याने वन बीएचके घेण्यापेक्षा कुणाबरोबर तरी टू बीएचके घे. मग गणित जेमतेम जमतं.

आणि सामान आत न्यायच्या आधी सगळ्या भिंतींचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲप कर.